घरचे सरबत आणि जेवणानंतरचा चहा: रोजसाठी काय ठेवावे?

प्रश्न : वैदर्भीय
नमस्कार. माझ्या वडिलांची रक्तशर्करा मधुमेहाच्या उंबरठ्यावर असल्याचे निदान झाल्यापासून त्यांनी चहातील साखर सोडली. परंतु नागपूरच्या उन्हाळ्यात दुपारी मोठा पेला भरून अमृत कोकम किंवा गुळाचे पन्हे घेतात आणि ‘घरचेच तर आहे’ असे म्हणून विषय संपवतात. दहावीतील मुलीचे हिमोग्लोबिन कमी आहे, आणि तिला ताटावरून उठल्याबरोबर चहा लागतो. दोघांनाही चालेल असे रोजचे पेय सुचवावे.

उत्तर : कोकणस्थित
अमृत कोकम घरी घातलेले असले, तरी बरणीत सालींवर साखरेचे थर देऊनच ते मुरवतात आणि साखर बहुधा सालींच्या वजनाहून अधिक पडते. पन्ह्यातील गूळही मुख्यतः साखरच असल्याने तो घातला म्हणून मधुमेहाच्या दृष्टीने फारसा फरक पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातील साखर मिळून रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या, म्हणजे साधारण २५ ग्रॅमच्या आत. मोठ्या पेल्यातले सरबत एवढी मर्यादा एकट्यानेच गाठू शकते. त्याऐवजी आगळ, म्हणजे कोकमाचा बिनसाखरेचा आंबट रस, आणावे. दोन चमचे आगळ, पेलाभर माठाचे पाणी आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड एवढे पुरते.

उत्तर : आहारअभ्यासक
मुलीच्या बाबतीत चहा कोणता यापेक्षा तो केव्हा घेतला जातो हे महत्त्वाचे आहे. चहातील टॅनिनमुळे अन्नातील, विशेषतः पालेभाज्या, डाळी आणि धान्यांतील लोह शरीरात कमी शोषले जाते. म्हणूनच हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. लिंबातील क जीवनसत्त्वामुळे मात्र हेच लोह अधिक शोषले जाते, तेव्हा जेवताना बिनसाखरेचे लिंबूपाणी द्यावे आणि चहा साडेचार-पाचला. अर्थात, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्यांची जागा कोणतेही पेय घेऊ शकत नाही.

उत्तर : ताकप्रेमी
आगळाबद्दल एक सावधगिरी. ते मिठात मुरवलेले असते, म्हणून त्यात वरून मीठ घालू नये, आणि वडिलांना रक्तदाब असल्यास रोज घेऊच नये. दुकानातल्या मसाला ताकाच्या पिशवीवरही सोडियमचा आकडा पाहून घ्यावा. मी तर घरी घुसळलेले पातळ ताक बिनमिठाचेच, आले ठेचून आणि कोथिंबीर चुरून घेतो. चार दिवस अळणी लागते, मग जिभेला सवय होते. शहाळ्याचे पाणीही सर्वांना चालते असे नाही: त्यात पोटॅशियम बरेच असल्याने मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे.

वैदर्भीय
आभारी आहे. वडिलांना रक्तदाबाची गोळी सुरू आहेच, त्यामुळे आगळ आणण्याचा विचार सोडला आहे. पण अमृत कोकम अजिबात बंद करायला ते तयार होणार नाहीत. रविवारी लहान फुलपात्रभर दिले तर?

कोकणस्थित
डॉक्टरांची हरकत नसेल तर द्यावे, पण जेवणातील गोड त्या दिवशी वगळावे. पेला मात्र त्यांना स्वतःला भरू देऊ नये.