इसाबेला, फर्डिनांड आणि ‘एक झालेले’ स्पेन : सोसायटीच्या वाचनकट्टा ग्रुपवरील चर्चा

बी-४०३ : नमस्कार. राणी इसाबेलाने राजा फर्डिनांडशी लग्न करून स्पेन एक केले आणि दागिने गहाण टाकून कोलंबसाला जहाजे दिली, असा मजकूर काल ग्रुपवर आला होता. मुलीला याच विषयावर शाळेत बोलायचे आहे. काका, यातले नेमके काय खरे मानावे?

ए-१०१ : ताई, ‘स्पेन एक केले’ हे वाक्य मुलीने जपून वापरावे. १९ ऑक्टोबर १४६९ रोजी वायादोलिद येथे विवाह झाला, तेव्हा इसाबेला १८ वर्षांची आणि फर्डिनांड १७ वर्षांचा होता. तिचा सावत्र भाऊ, कॅस्टिलचा राजा चौथा हेन्री, याची या लग्नाला संमती नसल्यामुळे नवरदेवाला खेचरे हाकणाऱ्या तांड्यात नोकराच्या वेषात कॅस्टिलमध्ये यावे लागले. १४७४ मध्ये ती कॅस्टिलची राणी झाली आणि १४७९ मध्ये त्याला वडिलांच्या मागे अरागॉनचे राज्य मिळाले; पण एका घरात आलेले मुकुट दोनच राहिले. कायदे, नाणी, जकात आणि कोर्तेस नावाच्या प्रतिनिधिसभा शेवटपर्यंत वेगळ्या होत्या. दोन विंगांचे अध्यक्ष पती-पत्नी असावेत आणि तरी प्रत्येक विंगेचे खाते व नियमावली स्वतंत्र असावी, तसा तो कारभार होता.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो १४७५ मधील सेगोव्हियाचा करार. दस्तऐवजांवर आणि नाण्यांवर दोघांची नावे असावीत, त्यात फर्डिनांडचे नाव आधी यावे, परंतु राजचिन्हांत कॅस्टिलला पहिला मान असावा आणि कॅस्टिलच्या किल्ल्यांची निष्ठा राणीलाच वाहिलेली असावी, इतक्या बारकाईने तो ठरला होता. बायकोचे राज्य नवऱ्याच्या हाती आपोआप जाण्याच्या त्या काळात तेवीस-चोवीस वर्षांच्या राणीने हे लेखी करून घेतले, याचे मला मनापासून कौतुक वाटते.

बी-१०४ : काका, मग कोलंबसाच्या सफरीचा खर्च कोणी उचलला?

ए-१०१ : दागिन्यांची गोष्ट मागाहून रचली गेली. ग्रॅनडा, म्हणजे स्पेनमधले शेवटचे मुस्लिम राज्य, जिंकण्याच्या युद्धासाठी राणीचे मौल्यवान दागिने आधीच व्हॅलेन्सियात तारण पडले होते. २ जानेवारी १४९२ रोजी ग्रॅनडा शरण आले आणि १७ एप्रिलला, त्या वेढ्यासाठी वसवलेल्या सांता फे येथेच, कोलंबसाशी करार झाला. फर्डिनांडचा अधिकारी लुईस दे सांतांखेल याने ११ लाख ४० हजार माराव्हेदी (तिथले त्या काळचे नाणे) उभे केले. तीनपैकी दोन जहाजे पालोस गावाला पूर्वीच्या एका अपराधाचा दंड म्हणून पुरवावी लागली. शोधलेला मुलूख मात्र कॅस्टिलच्या नावे लागला, दोघांच्या सामायिक राज्याच्या नावे नाही.

सी-२०१ : काकांनी सांगितलेल्या वेगळेपणाला एक मोठा अपवाद आहे, तो मुलीच्या भाषणातून सुटू नये. दोन्ही राज्यांत सारखाच अधिकार चालवणारी जवळजवळ एकमेव संस्था म्हणजे इन्क्विझिशन, धर्माविरुद्ध वागणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणारे न्यायालय, आणि ती याच दांपत्याने पोपकडून १४७८ मध्ये मंजूर करून घेतली. कोलंबसाच्या कराराच्या अवघे काही दिवस आधी, ३१ मार्च १४९२ रोजी, दोघांनी ज्यूंना धर्मांतर करा किंवा देश सोडा असा हुकूम काढला होता. असंख्य कुटुंबे पोर्तुगालात गेली आणि तिथेही १४९७ मध्ये त्यांचे सक्तीने धर्मांतर झाले. अशाच एका विस्थापित घरातला गार्सिया द ऑर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला, आपल्याकडच्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर, १५८० मध्ये, पोर्तुगीजांच्या गोव्यातील इन्क्विझिशनने त्याच्या अस्थी उकरून जाळल्या. ग्रॅनडाचा विजय आणि कोलंबसाचा प्रवास सांगताना त्याच वर्षीचा हा हुकूम वगळणे मला अन्यायाचे वाटते.

बी-४०३ : बाई, हे तिला आवर्जून सांगते. पण मग राणीच्या पश्चात ही दोन राज्ये एकत्र राहिली कशी?

ए-१०१ : बाईंचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. ताई, ती जेमतेम राहिली. १५०४ मध्ये इसाबेला वारली, कॅस्टिल मुलगी हुआनाकडे गेले आणि फर्डिनांडने जर्मेन द फ्वा हिच्याशी दुसरे लग्न केले. १५०९ मध्ये त्यांना मुलगा झाला, तो काही तासांतच गेला. तो जगता तर अरागॉन त्याच्याकडे जाऊन दोन्ही राज्यांची फारकत झाली असती. १५१६ मध्ये फर्डिनांड वारल्यावर हुआनाचा मुलगा कार्लोस दोन्हीकडे गादीवर बसला, तरी अरागॉनचे स्वतंत्र कायदे पुढे जवळपास दोनशे वर्षे टिकले. १७०७ पासून स्पेनचा राजा पाचवा फिलिप याने ते मोडीत काढले.