तलावाकाठच्या जागेचा आराखडा : आठवी ते अकरावीची मुलं सोबत घ्यायची तर कशी?

काठावरचा (ठाणे पश्चिम)
आमच्या भागातल्या तलावाकाठी साधारण ४० बाय ३० मीटरची पट्टी मोकळी आहे. तिचं सुशोभीकरण व्हायचंय, आराखडा अजून झालेला नाही. लहानग्यांना झोके-घसरगुंडी आणि ज्येष्ठांना बाक नेहमीच मिळतात. मधल्या वयाची मुलं कुणाच्याच यादीत नसतात. दोन शाळांतली मिळून वीसेक मुलं-मुली यायला तयार आहेत. त्यांच्याकडून काय करून घ्यावं?

फक्की_आणि_टेप
‘तुम्हाला काय हवं?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. टर्फ, स्केटिंग, सेल्फी पॉइंट हीच उत्तरं येतील, कारण मुलांनी तेवढंच पाहिलेलं असतं. आधी मोजायला लावा. चार-चार जणांचे गट, प्रत्येकाकडे ३० मीटरची टेप आणि जागेचा ए-३ नकाशा. एक कामाचा दिवस आणि एक रविवार धरून सकाळी ७, दुपारी ४ आणि संध्याकाळी ७ वाजता १५-१५ मिनिटं नोंद करायची : कोण बसलंय, कोण नुसतं जातंय, सावली कुठे, कुठला दिवा बंद, वास कुठून येतो.

मुलगे आणि मुली वेगळे मोजा, हे विसरू नका. व्हिएन्नात १९९०च्या दशकात असं मोजल्यावर लक्षात आलं, की साधारण दहाव्या वर्षानंतर मुली बागेत येणं कमी करतात. १९९९मध्ये तिथल्या दोन बागा बदलल्या : मोठ्या मोकळ्या जागेचे छोटे कप्पे केले, वाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा काढली. मुली परत यायला लागल्या. आपल्याकडेही एकच टर्फ घातलं, की क्रिकेटवाले मुलगे ते व्यापतात आणि बाकीचे कठड्याला टेकून उभे राहतात.

मग पुठ्ठ्याची प्रतिकृती. १:५० प्रमाण धरा, १ मीटरला २ सेंमी; तुमची जागा ८० बाय ६० सेंमीत बसते. सगळ्यात आधी ३ सेंमी उंचीची माणसं कापायला लावा, नाहीतर बाक खोलीएवढे होतात. शेवटी तोच आराखडा जागेवर फक्कीने खऱ्या मापात आखा. कागदावर ऐसपैस वाटलेला कट्टा जॉगिंगच्या वाटेत येतो, हे तिथे उभं राहिल्यावरच कळतं.

उतार_१_ला_३
वरच्याशी सहमत, पण मोजणीच्याही आधी ‘काय हलणार नाही’ ते मुलांना दाखवा : भर पावसाळ्यातली पाण्याची पातळी (नकाशावर निळी रेघ मारा), पावसाळी गटाराचं तोंड, विसर्जनाची वाट आणि उभी झाडं. झाड तोडायला महाराष्ट्राच्या १९७५च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, म्हणून आराखडा झाडाभोवती वळवायचा.

मुलांना पाण्याला हात लावायचा असतो आणि मोठ्यांना उंच भिंत हवी असते. मधला मार्ग आहे. काठाच्या काही भागाला १:३ (तीन मीटर आडव्या अंतरात एक मीटर उतरणारा) किंवा त्याहून सौम्य उतार द्या आणि त्यावर वाळ्याचं गवत लावा. बेडूक-कासवांनाही वर येता येतं. खोल पाण्याशी १.१ मीटर उंचीचा कठडा, गज उभेच आणि दोन गजांत १० सेंमीपेक्षा कमी फट. आडव्या गजांची शिडी होते. पायऱ्यांना गुळगुळीत ग्रॅनाइट नको, जुलैत शेवाळ धरलं की पाय सरकतोच.

काठावरचा
आभार. खर्चाचे आकडे मुलांना सांगावेत का?

फक्की_आणि_टेप
जरूर सांगा. पालिकेच्या अभियंत्याकडून दरसूचीतले (कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीतले) दर घ्या, प्रत्येक वस्तूची चिठ्ठी करा, एकूण रक्कम ठरवून द्या. देखभालही किमतीत धरा. कारंजं मग आपोआप मागे पडतं. शेवटचा निर्णय कुणाचा, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट करा.

जोशीकाकू_कळवा
पालकांची लेखी संमती घ्या, फोटोसाठी वेगळी. पाण्याजवळ आठ मुलांमागे दोन मोठी माणसं हवीत. संध्याकाळी सातच्या मोजणीनंतर मुलींना घरी सोडायची सोय आधी ठरवा, नाहीतर दुसऱ्या फेरीला फक्त मुलगे येतील. जूनअखेर सुरू करून दिवाळीआधी आराखडा द्या : दहावीची मुलं जानेवारीनंतर मिळत नाहीत, आणि पालिकेचं नवं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्याच्या अंदाजपत्रकात काम बसायला हवं. कोणती सूचना घेतली, कोणती नाही आणि का, याचा तक्ता निर्णयानंतर पंधरा दिवसांत शाळेच्या फलकावर लावा. तो लागला नाही, तर पुढच्या वर्षी हीच मुलं बोलावूनही येणार नाहीत.