आधी कोण नमतं, पाय की बूट? (अनुभव धागा)

अनवाणी

अकरा दिवस झाले. घोट्याच्या वर येणारे, तपकिरी, जाड कातड्याचे बूट घेतलेत. बुटांवर इतके पैसे आयुष्यात पहिल्यांदा घातले. आकडा घरी सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही. दुकानाच्या आरशात झकास दिसत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसचा जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर डाव्या टाचेची साल निघाली. आता रोज सकाळी दाराशी उभा राहून दात आवळत बूट चढवतो आणि बायको विचारते, "पैसे देऊनच घेतलेत ना हे?"

वापरून वापरून मऊ होतात, असं जो तो सांगतो. किती दिवसांत, कशाने, आणि तोवर किती सोसायचं, हे कुणी सांगत नाही. म्हणून हा धागा. बूट, कोल्हापुरी, एनसीसीचे, कारखान्यातले, सगळे अनुभव चालतील. "गुगल केलंत का?" एवढं मात्र विचारू नका. केलंय. तिथे अर्धे लोक बूट पाण्यात बुडवा म्हणतात, उरलेले अर्धे बुडवलेत तर वाटोळं झालं म्हणतात.

शनिवारपेठी

चांभारचौकशा वाटतील, पण विचारतोच. दुकानात किती वाजता गेला होता? मोजे कुठले होते? दोन्ही पायांत घालून चाललात, की एकच बूट घालून बसल्या बसल्या पाय हलवलात आणि "बांधा" म्हणालात?

पाय दिवसभरात फुगतो. सकाळी अकराला बरोबर बसलेला बूट संध्याकाळी सहाला आवळतो. माझा उजवा पाय डाव्यापेक्षा नखभर मोठा आहे, हे मला वयाच्या ४६व्या वर्षी कळलं. तोवर प्रत्येक जोडीतला उजवा बूट "खराब निघाला" म्हणून दुकानदारांशी भांडत होतो.

दुसरं म्हणजे कातडं रुंदीत सैल होतं, लांबीत नाही. करंगळीपाशी घट्ट वाटत असेल तर थांबा, सुटेल. अंगठा टोकाला भिडत असेल तर बूट धाकट्या भावाला देऊन टाका.

मिनेसोटाची मावशी

मी इथे २२ वर्षं आहे. आमच्यापासून तासाभरावर मिसिसिपीच्या काठी रेड विंग नावाचं गाव आहे. त्याच नावाची बुटांची कंपनी तिथे १९०५ पासून आहे. पहिल्या हिवाळ्यात नवरा मला बूट घ्यायला घेऊन गेला. पुण्यात "सहा नंबर द्या" म्हणायची सवय, इथेही काहीतरी आकडा सांगितला. दुकानातल्या म्हाताऱ्याने ऐकलंच नाही. माझा पाय एका धातूच्या पट्टीवर ठेवला, दोन सरकत्या पट्ट्या पुढे-मागे केल्या आणि म्हणाला, "बोटांपर्यंत सात, पण चवड्यापर्यंत आठ."

त्या उपकरणाला ब्रॅनॉक म्हणतात. न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्यूज गावच्या चार्ल्स ब्रॅनॉकने ते १९२०च्या दशकात बनवलं. ते तीन मापं घेतं : टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत, टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंत, आणि रुंदी. यातलं मधलं माप मला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बूट वाकतो ती जागा आणि पाय वाकतो ती जागा एकच पाहिजे. माझी बोटं आखूड, तळवा लांब. सातचा बूट घेतला असता तर बोटांना जागा पुरली असती, पण बूट चवड्याच्या मागे वाकला असता आणि दर पावलाला वरची घडी भलत्याच जागी रुतली असती. आयुष्यभर "मला बंद बूट सहन होत नाहीत" म्हणत आले, त्याचं कारण हे होतं!

अनवाणी, तुमच्या बुटाची घडी नेमकी कुठे पडते ते एकदा बघा.

आणि नंबरांच्या घोळाबद्दल : भारतातला नंबर म्हणजे ब्रिटिश नंबर, एक नंबर वाढला की पाऊण सेंटिमीटरहून जास्त, साधारण साडेआठ मिलिमीटर. युरोपचा ४१, ४२ चढतो तो पावणेसात मिलिमीटरच्या आसपास. त्यामुळे पेटीवरचा "८ म्हणजे ४२" हा तक्ता अंदाजाचाच. अमेरिकन पुरुषांचा नंबर ब्रिटिश नंबराहून साधारण एकाने मोठा. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी इथेच आपटी खाल्लेली असते.

तळ शिवलेला असेल तर आत बहुतेक वेळा बुचाचा थर असतो. तो पहिल्या काही आठवड्यांत तुमच्या तळव्याच्या आकाराने दबतो. तोवर टाच किंचित वर उचलली जाते, कारण नवा तळ वाकायला तयार नसतो. ते चालतं. टाच इतकी उचलते की मोजा खाली गोळा होतो, ते चालत नाही.

ग्राउंड नंबर दोन

आमचा मामला वेगळा. पोलीस भरतीनंतर ट्रेनिंगला गेलो (सेंटरचं नाव नको). बूटवाटपाच्या रांगेत माझा नंबर येईपर्यंत आठ संपले. "नऊ घे, पुढचा!" झालं माप.

नऊचा बूट, आठचा पाय, आणि पहाटे पाचपासून परेड. टाच आपटली की पाय आत पुढे जातो, पाऊल उचललं की मागे येतो. लोकांना वाटतं घट्ट बूट चावतो. सैल बूट त्याहून वाईट चावतो, कारण तो दिवसभर घासत राहतो. चौथ्या दिवशी दोन्ही टाचा लाल, मोजे कातडीला चिकटलेले.

आमचे हवालदारसाहेब यवतमाळकडचे. शिव्या देऊन झाल्यावर रात्री बराकीत आले आणि म्हणाले, "मोजा उलटा कर बे." अंगाच्या साबणाची कोरडी वडी मोज्याच्या टाचेवर आतून घासली, मग बाहेरूनही घासली. बुटात फेल्टचा जाड तळवा घातला, तो त्यांनीच कुठूनतरी आणला होता. "पाय घासला नाही पाहिजे, घसरला पाहिजे." बस एवढंच. आठवड्यात टाचा वाळल्या.

बुडवण्याबद्दल : आमच्यातल्या एकाने बूट बादलीत बुडवून ओलेच घातले आणि चालून चालून वाळवले. त्याचे खरंच लवकर बसले. ते पाहून दुसऱ्याने बुडवले आणि घाईत मेसच्या भट्टीजवळ वाळत ठेवले. सकाळी बुटांची टोकं वर वळलेली, कातडं पापडासारखं. ओलं कातडं तापलं की आक्रसतं आणि मग कशानेही सरळ होत नाही. तीन दिवस तो परेडला स्पोर्ट शूज घालून उभा होता, आणि त्याबद्दल जे मिळालं ते लिहिण्यासारखं नाही.

वेल्डिंगवाली

सेफ्टी शूज. १४ वर्षं एमआयडीसीत आहे, सगळी बुटांत गेली.

यात बोटांवर लोखंडी टोपी असते. आयएस १५२९८ या सेफ्टी शूजच्या भारतीय मानकात तिला २०० ज्यूलच्या आघाताची चाचणी आहे, म्हणजे २० किलोचं वजन मीटरभरावरून पडल्यासारखं. ही टोपी कधीच सैल होत नाही. मऊ होते ती मागची कातडी. त्यामुळे टोपीची कड करंगळीवर पहिल्या दिवशी रुतली, तर हजाराव्या दिवशीही रुतणार. सेफ्टी शूज घेताना उकिडवं बसून बघा. वेल्डिंगला आम्ही तसेच बसतो आणि तेव्हाच ती कड चवड्यात घुसते.

माझा पाय चार नंबरचा. पहिल्या ठिकाणी सगळ्यात लहान नंबर सहा होता. "दोन मोजे घाला ना मॅडम." दोन मोजे घालूनही शिडीवर पाय आत फिरायचा. शेवटी मी हट्टाला पेटले आणि लिहून दिलं की या बुटात शिडी चढणार नाही. तीन आठवड्यांत बायकांच्या मापाचे बूट आले. म्हणजे ते बाजारात होतेच.

लेक

धागा हलकाफुलका चाललाय, तरी हे लिहिते.

बाबांना १८ वर्षं मधुमेह. मागच्या दिवाळीत त्यांना छान कातडी बूट घेऊन दिले. पाडव्याला दिवसभर घातले. मी विचारलं, "चावतात का?" म्हणाले, "अजिबात नाही, लोण्यासारखे आहेत." रात्री मोजे काढले तर डावा मोजा करंगळीपाशी रक्ताने कडक झालेला. त्यांना काहीही कळलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक नायलॉनचा जाड धागा तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. तो १० ग्रॅम दाबाला वाकतो. बाबा डोळे मिटून "आता लागला, आता नाही" सांगत होते. पुढच्या चवड्यावर एकदाही "लागला" म्हणाले नाहीत. ती जखम भरायला चार महिने लागले.

तर ज्यांच्या घरी मधुमेह आहे, त्यांनी "हळूहळू मऊ होईल" हे विसरा. बूट पहिल्या क्षणापासून मऊ आणि रुंद हवा. घालण्याआधी आत हात घालून शिवण, खडा, सुरकुती चाचपायची. पहिले दिवस अर्धा तास, काढून पाय बघायचा, तळवा दिसत नसेल तर आरसा धरायचा. फोड आला तर घरी फोडायचा नाही. आमच्याकडे आता रात्री जेवण झालं की बाबांचे पाय बघायचे, हा नेमच आहे. नातू बॅटरी धरतो.

कडेपठार

वरचं वाचून थांबलो होतो. लेक, बाबांना नमस्कार सांगा.

ट्रेकवाल्यांसाठी थोडक्यात. नवे बूट घालून थेट राजगडाला येणारे दर पावसाळ्यात भेटतात. चढताना टाच जाते, उतरताना नखं. दुकानात सपाट फरशीवर चालून काही कळत नाही, जिना उतरून बघा. उतरताना बोटं पुढे आपटली तर आठवडाभराने अंगठ्याचं नख काळं होणार.

फोड येण्याआधी ती जागा गरम लागते. तिथेच थांबून कागदी चिकटपट्टी लावायची. "पुढच्या टेपाडावर थांबू" म्हणालात की गेलात.

टाच उचलत असेल तर सगळ्यात वरच्या दोन भोकांत लेस त्याच बाजूने आत घालून छोटा फास करा, आणि दोन्ही टोकं समोरच्या फासातून ओढून घ्या. घोटा मागे बसतो. पैसे लागत नाहीत.

कागलकर

बूट आमचा विषय नाही, पण कातडं आहे. आजोबा कापशी चप्पल (कोल्हापुरीचाच एक प्रकार) करायचे, वडीलही करतात. मी बँकेत आहे.

वर कुणीतरी "चांभारचौकशा" लिहिलंय, ते वाचलं. आजोबांच्या चौकशा सांगतो. गिऱ्हाईक आलं की त्याला कागदावर उभं करायचे, पेन्सिल पायाभोवती फिरवायचे आणि विचारत राहायचे : "रानात जानार का गावात? ओझं उचलता का? बसून काम का हुबं ऱ्हाऊन? हितं पूर्वी काय लागलं हुतं का?" माणूस निघताना कसा चालतो ते लांबपर्यंत बघत बसायचे, कारण आपण बघतोय हे कळलं की माणूस वेगळा चालतो. पाय आत टाकणाऱ्याला पट्टा थोडा वेगळा बसवायचे. चौकशी नसती तर चप्पल चावली असती, एवढंच.

कोल्हापुरीचं कातडं हिरडा आणि बाभळीच्या सालीत पकवलेलं असतं, रसायनात नाही. २०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. असं कातडं सुरुवातीला फळीसारखं असतं, पण एकदा पायाचा ठसा घेतला की दुसऱ्याच्या पायाला ती चप्पल परकी लागते. आमच्याकडे नवी चप्पल पहिल्या दिवशी फक्त घरापासून देवळापर्यंत. रात्री पट्ट्याला आतून एरंडेल तेलाचं बोट फिरवायचं. बोटच, वाटी नव्हे. तेल जास्त झालं की कातडं लोळागोळा होतं, शिवण सुटते. अंगठा फारच आवळत असेल तर करणाऱ्याकडे परत न्यायची, तो फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, चढवून दोन ठोके देतो. चिडत नाही. उलट घरी सुरीने कापून आणलेली चप्पल बघून चिडतो.

अनवाणी, तुमचा बूट नेमका कुठं चावतोय? टाच म्हणजे टाचेच्या मागे, कडेला, का वरच्या काठाला?

शनिवारपेठी

कागलकर, शब्द मागे घेतो. सवयीने गेला.

अनवाणी

दिवस २६. सगळ्यांचे आभार, आता हिशोब देतो.

कागलकरांच्या प्रश्नानंतर पहिल्यांदा बूट नीट हातात घेऊन पाहिला. डाव्या टाचेला आत शिवणीचा शेवट होता, दोऱ्याची गाठ तांदळाच्या दाण्याएवढी. अकरा दिवस मी कातड्याला दोष देत होतो. स्टेशनजवळच्या मोचीकाकांनी ती गाठ हातोडीच्या मागच्या बाजूने ठोकून सपाट केली, वर पातळ कातड्याचं ठिगळ डकवलं. उजव्या करंगळीसाठी बूट दोन रात्री त्यांच्याकडच्या लाकडी फर्म्यावर ठेवला, करंगळीच्या जागी चामड्याचा तुकडा लावून. साठ रुपये. पुढच्या वेळी घेण्याआधी दाखवायला आणा, असंही म्हणाले.

घडी बरोबर चवड्यावर पडते, मावशी. साबण लावला. फास शिकलो, तो सकाळी घाईत अजून उलटा पडतो. रोज संध्याकाळी तासभर सोसायटीत फेऱ्या मारतो, वॉचमन आता वेळ माझ्यावरून ओळखतो. तेल अजून लावलेलं नाही, धीर होत नाही. बायको काल म्हणाली, "आता कण्हत नाही तुम्ही. केवढ्याला पडले होते हे?" मी लेस बांधत राहिलो.

कागलकर

तेल राहू दे सध्या. रात्री बूट कुठं ठेवता? गॅलरीत असतील तर आत घ्या आणि आत वर्तमानपत्र कोंबा. पाऊस सुरू झालाय, आठ दिवसांत बुरशी धरेल.