सांता संडे: दाढी लावून स्की करणाऱ्यांसाठी अनुभव धागा

गोठलेला_गोंडा: दोन-तीनशे लाल डगले एकाच उतारावरून खाली येतायत असा तो अमेरिकेतल्या मेन राज्यातला फोटो आज परत फिरत आला आणि सगळं आठवलं. नवीन मंडळींसाठी: सांता संडे म्हणजे सगळ्यांनी सांताच्या वेषात देणगीसाठी स्की करायची. जागा न्यूरी गावातलं संडे रिव्हर हे स्की रिसॉर्ट, डिसेंबरच्या सुरुवातीचा एक रविवार. देणगी रिव्हर फंड या संस्थेला, म्हणजे त्याच बेथेल परिसरातल्या शिक्षणाच्या आणि गावाच्या कामांना. नोंदणी आधी ऑनलाइन, जागा मोजक्या. टोपी, दाढी, लाल कोट, लाल विजार सगळं हवं, नुसत्या टोपीवर भागत नाही. ज्यांनी केलंय त्यांनी बारकावे टाका. किस्से नकोत, टाके-बटणं हवीत!

धार_लावा: विजारीपासून सुरू करा, तिथेच खरा धोका. खाली पांढरी फर असते ती बुटाच्या टाचेखाली जाते. बूट आणि बाइंडिंग (बूट स्कीला धरून ठेवणारा खटका) यांच्या मध्ये कापड किंवा दाबलेला बर्फ अडकला की बूट नीट बसत नाही. मग एकतर स्की भलत्या वेळी सुटते, नाहीतर पडल्यावर सुटायला हवी तेव्हा सुटत नाही आणि गुडघा जातो. फर कापून टाका, विजार बुटाच्या वरच्या बकलपर्यंतच ठेवा. आतल्या बाजूला स्कीची कड लागून तशीही ती पहिल्या तासात फाटते. काळे रेक्झिनचे खोटे बूट मिळतात सेटमध्ये, ते घरीच ठेवा.

मिनू७: +१. इलॅस्टिकची विजार स्की पँटवरून घसरते, वरून गॅलिस लावा. कोट दोन साइझ मोठा घ्या, आत जाड जॅकेट मावलं पाहिजे. तो कोट थंडी अडवत नाही हो, नुसता रंग आहे तो

बॉस्टनची_काकू: दाढी!!! कोणी दाढीबद्दल बोला
कुकर लावलाय, परत येते

गोठलेला_गोंडा: काकू, दाढीचे दोन त्रास. एक, श्वासाची वाफ त्या पॉलिस्टरमध्ये धरते आणि तासाभरात हनुवटीखाली बर्फाची फणी तयार होते. दुसरा, मिशी नाकाला चिकटून असली की वाफ वर जाते आणि गॉगल धुरकट होतो. उपाय: तोंडाचं भोक कात्रीने दीड-दोन बोटं मोठं करा, मिशी नाकाखाली उतरवा. गॉगलच्या फोमखाली एकही केस जाऊ देऊ नका, फट राहिली की वारा शिरतो. सोबतची दोरी कामाची नाही. दाढी सरळ फ्लीसच्या गळपट्टीवर शिवून टाका, आठ-दहा टाके पुरतात.

धार_लावा: गॉगल आतून बोटाने पुसायचा नाही, धुकं न धरणारा लेप जातो. झटकून वाळू द्या.

चकली_ऑन_स्की: पोटाला उशी किती जाड घ्यावी?

मिनू७: उशी कशाला, दिवाळीचा फराळ झालाय की नुकताच 😄

धार_लावा: गंमत बाजूला, उशी नकोच. पुढे वाकता येत नाही, वजन टाचेवर जातं, आणि खाली बघून बाइंडिंगही दिसत नाही.

बॉस्टनची_काकू: आले. टोपी हेल्मेटवर की हेल्मेटच्या आत?

मिनू७: वरच. आत घातली तर हेल्मेट सैल बसतं. मागची शिवण चार बोटं उसवायची, तिथे रुंद इलॅस्टिक जोडायचं, आणि गॉगलचा पट्टा टोपीवरून घ्यायचा म्हणजे ती उडत नाही. गोंडा कडेला टाचा, नाहीतर वळताना डोळ्यांवर येतो. हेल्मेटला पिन टोचू नका काकू

लिफ्टखालचा: कंबरेचा पट्टा कोणी बोललं नाही. प्लास्टिकचं बकल थंडीत तडकतं. लोंबणारं टोक चेअरलिफ्टच्या फटीत अडकतं, आणि उतरताना माणूस पुढे, पट्टा मागे. टोक कापा, उरलेलं चिकटपट्टीने बसवा. कोटाचा घेर बसण्याआधी पुढे ओढून घ्या. तिथल्या चोंडोला नावाच्या लिफ्टला खुर्च्या आणि बंद डबे एकाच दोरावर असतात. थंडी वाजतेय म्हणून डब्यात बसलात तर गॉगल वर करा, नाहीतर आतल्या उबेने लगेच धुकं.

दादरचा_सांता: पुण्याहून भाचा येतोय, स्की येत नाही त्याला. चालेल का?

लिफ्टखालचा: दादा, नको. हिरव्या खुणेच्या, म्हणजे सगळ्यात सोप्या उतारावर वळणं घेता येणं आणि हवं तिथे थांबता येणं ही किमान अट समजा. डिसेंबरच्या सुरुवातीला मोजकेच उतार उघडे असतात, बर्फ बराचसा यंत्राचा, कडक. त्यात गर्दी. त्याला पायथ्याशी उभं करा, फोटोचं काम द्या.

धार_लावा: आणि गर्दीचा नियम लक्षात ठेवा, खालचा माणूस पहिला, सांभाळायचं वरच्याने. थांबायचं तर कडेला, मध्ये सेल्फी नाही. स्नो गनखालून (बर्फ फवारणारं यंत्र) तोंड वर करून जाऊ नका, फवारा गॉगलवर गोठतो.

चकली_ऑन_स्की: सगळे सारखेच दिसणार, बायको कशी ओळखायची

मिनू७: बायको ओळखेल तुम्हाला, काळजी नको 😂 दोघांच्या काठीला झेंडूच्या रंगाची रिबन, वीतभर, हातातल्या पट्ट्याच्या वर. खाली बांधली तर बर्फात घासते. मुलांच्या पाठीवर पिवळा कापडी तुकडा शिवा, लहान सांता तर अजिबातच ओळखू येत नाहीत

बॉस्टनची_काकू: लाल रंग सुटतो का ओला झाल्यावर?

गोठलेला_गोंडा: स्वस्तातल्याचा सुटतो. आदल्या आठवड्यात मिठाच्या गार पाण्यात बुडवून पांढऱ्या फडक्याने पुसून बघा. फडकं गुलाबी झालं तर खाली फिकट जॅकेट घालू नका.

दादरचा_सांता: खायला काय न्यावं? भाचा लॉजमधल्या पिझ्झ्याला नाक मुरडतो

बॉस्टनची_काकू: दशम्या. दुधात भिजवलेल्या कणकेच्या, थोडा गूळ. आतल्या खिशात ठेवा, बाहेरच्या खिशात दगड होतात. चटणी कोरडी न्या, दही नको.

चकली_ऑन_स्की: काकू दशमीला दूध किती आणि गूळ किती?

बॉस्टनची_काकू: दोन वाट्या कणकेला पाऊण वाटी दूध, पाव वाटी गूळ त्यातच विरघळवायचा. तूप लावून भाज. आणि दाढी काढून खा रे