शब्दचर्चा : ‘शोध लावला’ म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न

मी मुद्रितशोधनाचं काम करते. सध्या हातात मुलांसाठीचं सामान्यज्ञानाचं पुस्तक आहे. लेखकांनी एक लंडनला छापलेलं आणि एक न्यूयॉर्कला छापलेलं अशी दोन पुस्तकं समोर ठेवून मजकूर तयार केलाय. त्यामुळे झालंय असं की पान २३ वर ‘विजेच्या दिव्याचा शोध जोसेफ स्वान यांनी लावला’ असं वाक्य आहे आणि पान ६१ वर तेच वाक्य, फक्त नाव थॉमस अल्वा एडिसन यांचं. समासात पेन्सिलीने प्रश्नचिन्ह टाकून दोन दिवस झाले. लेखकांना फोन केला तर म्हणाले, “ताई, एडिसनच ठेवा, मुलांना तेच पाठ असतं.”

एक नाव खोडलं की काम संपतं. पण दोन्ही पानं शेजारी ठेवून वाचताना मला वाटायला लागलं की घोळ नावात नाही, ‘शोध लावला’ या दोन शब्दांत आहे. न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा शोध लावला, एडिसनने दिव्याचा शोध लावला, पोलिसांनी चोराचा शोध लावला. आधीपासून होतं ते सापडणं आणि जे नव्हतंच ते घडवणं, दोन्हींना आपलं क्रियापद एकच. मग दोन देश एका वस्तूवर हक्क सांगतात तेव्हा मराठी वाक्यात एकाच माणसापुरती जागा उरते. अशा ठिकाणी तुम्ही काय लिहिता?

नागपूरहून

आमच्याकडे हिंदी सतत कानावर असते, त्यामुळे ही अडचण शाळेतच जाणवली होती. हिंदीत खोज वेगळी आणि आविष्कार वेगळा. अमेरिका खंडाची खोज होते, टेलिफोनचा आविष्कार होतो. मराठीत मात्र आविष्कार म्हटलं की कलाविष्कार आठवतो, आतलं काहीतरी बाहेर प्रकट होणं. ‘दिव्याचा आविष्कार’ असं छापलंत तर दिवाळीची रोषणाई डोळ्यांपुढे येईल. त्यामुळे तो शब्द माझ्या मते इथे चालत नाही. ‘निर्मिती’ही नको, कारखान्यात रोज होते ती निर्मितीच.

पण ‘शोध’ला इतक्या लवकर सोडू नका. धातू शुध्, म्हणजे स्वच्छ करणं, निर्मळ करणं. तुमच्या मुद्रितशोधनात आणि जुन्या लोकांच्या पंचांगशोधनात तो अर्थ अजून शाबूत आहे: चुका काढत काढत खऱ्यापर्यंत जायचं. शिवाय ‘लागणे’ आणि ‘लावणे’ यांतला फरक आपण फुकट घालवतो. झोप लागते, ठेच लागते, पत्ता लागतो, तिथे करणारा मागे असतो. लावायला मात्र कोणीतरी लागतं.

पेनिसिलिन घ्या, त्यावरूनही ब्रिटिशांच्या मनात अमेरिकेबद्दल बरीच वर्षं सल होता. १९२८ मध्ये लंडनला फ्लेमिंग यांच्या काचेच्या बशीत बुरशी आली आणि तिच्या भोवतीचे जंतू मेलेले दिसले. इथे शोध ‘लागला’ म्हणणंच योग्य. पुढे ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी त्या बुरशीच्या पाण्यातून औषध वेगळं काढून शुद्ध केलं, म्हणजे अक्षरशः शोधन. १९४१ मध्ये फ्लोरी आणि हीटली ते घेऊन अमेरिकेत गेले आणि इलिनॉयमधल्या पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेत ते मोठ्या प्रमाणावर करायची रीत बसली. त्या रीतीची पेटंटं अमेरिकेत निघाली आणि ब्रिटनला ते फार लागलं. या तिन्ही टप्प्यांना आपण एकच ‘शोध लावला’ चिकटवतो आणि फ्लेमिंगचं नाव लिहून मोकळे होतो.

न्यूकॅसलहून

ताई, मी बारा वर्षं याच गावात राहतोय, म्हणून लिहिल्याशिवाय राहवत नाही. इथल्या लिटररी अँड फिलॉसॉफिकल सोसायटीत ३ फेब्रुवारी १८७९ ला स्वान यांनी आपला दिवा लोकांसमोर पेटवून दाखवला. एडिसन यांचा कार्बनच्या धाग्याचा दिवा त्याच वर्षी ऑक्टोबरात यशस्वी झाला आणि अमेरिकेतलं पेटंट २७ जानेवारी १८८० ला मिळालं. नदीपलीकडे गेट्सहेडला स्वान यांचं राहतं घर होतं, तिथे हे दिवे लागले. १८८१ मध्ये लंडनचं सॅव्हॉय नाट्यगृह स्वान यांच्या दिव्यांनी उजळलं. त्यामुळे इथल्या माणसाला एडिसनचं नाव ऐकून राग येतो तो उगाच नाही.

पण मी विजेच्या कामातला माणूस आहे, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. स्वान यांच्या सुरुवातीच्या दिव्यात कार्बनची जाडसर कांडी होती. जाड कांडीचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी. तिला तापवायला जास्त प्रवाह लागतो, आणि जास्त प्रवाह न्यायचा तर तांब्याची तार जाड हवी. एका घरापुरतं हे निभतं. गल्लीभर तारा टाकायच्या म्हटलं की तांब्याच्या खर्चानेच माणूस बुडेल. एडिसन यांनी धागा बारीक केला, रोध वाढवला, म्हणजे थोड्या प्रवाहात दिवा पेटतो आणि एक बंद केला तरी शेजारचे चालू राहतात. त्यांच्या डोक्यात नुसता दिवा नव्हता. जनित्र, तारा, मीटर, सगळं होतं. ४ सप्टेंबर १८८२ ला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज घराघरांत गेली.

आणि दोघं आयुष्यभर भांडत बसले नाहीत. १८८३ मध्ये इंग्लंडात दोघांची मिळून एक कंपनी झाली आणि दिव्यांवर नाव आलं ‘एडिस्वान’. भांडण पुढच्या लोकांनी चालू ठेवलं.

वाईहून

तुम्हाला हवा असलेला भेद आपल्या परंपरेत फार जुना आहे. अमरकोशात दोन शब्द शेजारी बसवले आहेत: ‘उपज्ञा ज्ञानमाद्यं स्याज्ज्ञात्वारम्भ उपक्रमः’. कोणी न सांगता पहिल्यांदा झालेलं ज्ञान ती उपज्ञा. जाणून घेऊन केलेला आरंभ तो उपक्रम. ‘हे पहिलं कोणाचं’ असं सांगायचं असेल तेव्हा समास कसा करायचा, यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्र केलं आहे (२.४.२१), आणि टीकाकारांची उदाहरणंही बोलकी आहेत: व्याकरण ही पाणिनीची उपज्ञा, वजनमापं हा नंदांचा उपक्रम. एकाला सुचलं, दुसऱ्याने चालू केलं. मराठी समीक्षेत ‘उपज्ञ’ अजून तग धरून आहे. ‘उपक्रम’ मात्र शाळेच्या वृक्षारोपणापर्यंत खाली आला, याचं मला वाईट वाटतं.

हा भेद किती उपयोगी आहे ते एका प्रकरणात स्पष्ट दिसतं. आज आपण फोनवरून पैसे पाठवतो त्यामागे जी गुप्तलेखनाची पद्धत आहे, तिचं मूळ तत्त्व असं: कुलूप लावायची किल्ली गावभर वाटायची, उघडायची किल्ली फक्त आपल्याजवळ ठेवायची. अमेरिकेत डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये हे मांडलं आणि १९७७ मध्ये एमआयटीतल्या रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन यांनी प्रत्यक्ष चालणारी रीत दिली. जगाने त्यांचं नाव घेतलं. पण इंग्लंडात, चेल्टनहॅमच्या सरकारी गुप्तवार्ता खात्यात, जेम्स एलिस यांना हे तत्त्व १९७० मध्येच सुचलं होतं. १९७३ मध्ये क्लिफर्ड कॉक्स हा तरुण गणिती नुकताच नोकरीला लागला होता. त्याने संध्याकाळी आपल्या भाड्याच्या खोलीवर बसून रीत शोधून काढली. कामाचं काही घरी कागदावर उतरवायला परवानगी नव्हती, म्हणून सगळं डोक्यातच ठेवून सकाळी कचेरीत जाऊन लिहिलं. पुढच्या वर्षी माल्कम विल्यमसन यांनी आणखी एक रीत काढली. हे सगळं कपाटात बंद राहिलं ते डिसेंबर १९९७ पर्यंत. एलिस त्याच्या आदल्याच महिन्यात वारले.

इथे ‘शोध कोणी लावला’ विचारलंत तर उत्तर देणं अशक्य आहे. उपज्ञा चेल्टनहॅमची, उपक्रम अमेरिकेचा. अमेरिकनांनी कोणाचं काही घेतलं नव्हतं, त्यामुळे त्यांचीही उपज्ञा खरीच. पण लोकांच्या हाती ती किल्ली त्यांनी दिली. मला तर वाटतं, बहुतेक सगळा ब्रिटिश-अमेरिकन वाद असाच सुटतो: सुचतं तिकडे, चालू होतं इकडे.

बंगळूरहून

उपज्ञा हा शब्द मी आजच शिकलो, आणि तो मनापासून आवडला. पण ‘सुचतं ब्रिटनमध्ये, चालू होतं अमेरिकेत’ ही वाटणी मान्य नाही. ती ब्रिटिशांना आवडणारी गोष्ट आहे. मी नेटवर्कच्या कामात आहे, माझ्याच क्षेत्रातलं सांगतो.

संदेशाचे छोटे तुकडे करून वेगवेगळ्या वाटांनी पाठवायचे आणि पलीकडे जोडायचे, ही आजच्या इंटरनेटची मूळ युक्ती. इंग्लंडातल्या टेडिंग्टनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत डोनाल्ड डेव्हिस यांना ती १९६५ मध्ये सुचली. पण कॅलिफोर्नियात पॉल बॅरन यांनी त्याआधीच यावर काम करून १९६४ मध्ये अहवाल प्रसिद्ध केले होते. दोघांना एकमेकांची माहिती नव्हती. म्हणजे इथे पहिली उपज्ञा अमेरिकेची. ब्रिटनने दिलं काय, तर शब्द. बॅरन त्या तुकड्यांना मेसेज ब्लॉक म्हणत. डेव्हिस यांनी ‘पॅकेट’ निवडला, आणि तो पक्का करण्याआधी भाषेच्या जाणकारांना विचारून घेतलं की इतर भाषांमध्ये याला जवळचे शब्द आहेत ना. शब्दचर्चेच्या धाग्यात हे सांगताना मला फार आनंद होतोय, कारण आपल्याकडे तो आहेच: पाकीट. वर पत्ता, आत मजकूर, आणि टपालवाल्याला आत काय आहे हे कळायची गरज नाही. मी नव्या मुलांना शिकवतो तेव्हा पाकीटच म्हणतो आणि त्यांना लगेच समजतं.

दुसरी एक गफलत मराठीत सर्रास होते ती शब्दाचीच. ‘आंतरजालाचा शोध टिम बर्नर्स-ली यांनी लावला’ असं मी वर्तमानपत्रात वाचलंय. आंतरजाल म्हणजे इंटरनेट, तारा आणि त्यांवरून जाणारी पाकिटं. त्याची सुरुवात १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातून झाली. बर्नर्स-ली या इंग्रज माणसाने १९८९ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला, म्हणजे त्या तारांवर एकमेकांना जोडलेली पानं. रस्ता एकाचा, त्यावरची दुकानं दुसऱ्याची. आपण दोन्हींना एकच नाव दिलं, की ब्रिटिश म्हणणार इंटरनेट आमचं आणि अमेरिकन म्हणणार वेब आमचं.

संगणकाबद्दल थोडक्यात: तिथे भांडण ‘पहिला’ या शब्दापुढच्या विशेषणाचं आहे. ब्लेचली पार्कचा, म्हणजे युद्धकाळात शत्रूचे गुप्त संदेश उलगडणाऱ्या ब्रिटिश केंद्राचा, कोलोसस १९४४ चा, पण दशकानुदशकं गुपित. पेनसिल्व्हेनियाचा एनियाक १९४६ मध्ये जगापुढे आला. स्वतःच्या स्मृतीत प्रोग्राम साठवून चालवणारा पहिला मँचेस्टरचा, २१ जून १९४८. आणि एनियाकचं पेटंट रद्द केलं ते १९७३ मध्ये अमेरिकेच्याच न्यायालयाने, आयोवाच्या अटानासॉफ यांचं काम आधीचं होतं म्हणून. विशेषण गाळून ‘पहिला संगणक’ लिहू नका, एवढीच विनंती.

डोंबिवलीहून

वस्तू एकाची आणि शब्द दुसऱ्याचा, असं आपल्या बोलण्यात पावलोपावली आहे. इमारतीतल्या पाळण्याला पडू न देणारा ब्रेक न्यूयॉर्कच्या ओटिस यांचा, पण आपण लिफ्ट म्हणतो, हा ब्रिटिश शब्द. माझे वडील रेडिओ दुरुस्त करायचे, त्यांच्या तोंडी कायम ‘व्हॉल्व्ह गेलाय’. तोही ब्रिटिश, अमेरिकन त्यालाच ट्यूब म्हणतात. मग टीव्ही आला तेव्हा त्यांनीच ‘पिक्चर ट्यूब’ म्हणायला सुरुवात केली.

आणखी एक नाव या चर्चेत यायला हवं. मुंबईचे शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५). दादाभाई नौरोजींच्या मदतीने त्यांनी लंडनमध्ये आपल्या यंत्रांसाठी धडपड केली, छपाईचे खिळे पाडणारं भिसोटाइप यंत्र केलं, पुढे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कलाच वारले. त्यांना ‘भारताचे एडिसन’ म्हणतात. ‘भारताचे स्वान’ कोणीच म्हणत नाही. ज्या माणसाने उमेदीची वर्षं लंडनमध्ये घालवली त्यालाही उपमा मिळाली ती न्यू जर्सीच्या माणसाची. नावाच्या लढाईत कोण जिंकलं ते यातच कळतं. मुद्रितशोधनाचं काम करणाऱ्या ताईंनी भिशांना त्या पुस्तकात एक परिच्छेद द्यायला सांगावं, असं मला कळकळीने वाटतं.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. उपज्ञा मुलांच्या पुस्तकात घालायचा धीर झाला नाही, पण माझ्या वहीत तो गेला आहे. लेखकांशी काल तासभर बोलले. पान ६१ वरचं वाक्य आम्ही काढलं. तिथे रिकाम्या झालेल्या चार ओळींत भिसे बसतात का, ते लेखक पाहणार आहेत. पान २३ वर आता असा मजकूर आहे:

‘जोसेफ स्वान यांनी ३ फेब्रुवारी १८७९ रोजी इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे विजेचा दिवा लोकांना पेटवून दाखवला. त्याच वर्षी अमेरिकेत थॉमस एडिसन यांनी बारीक धाग्याचा दिवा तयार केला. १८८२ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या घराघरांत तारा नेल्या आणि तो लावला.’

‘शोध’ गाळला. ‘लावला’ ठेवलाय, पण आता तो दिव्याला जोडून आहे. लेखकांचा एकच आक्षेप होता, की खालच्या स्वाध्यायात ‘दिव्याचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न तसाच राहिलाय. तो बदलून मी लिहिलं: ‘न्यूकॅसलला काय झालं आणि न्यूयॉर्कला काय झालं, ते तुमच्या शब्दांत सांगा.’ उत्तरासाठी एक ओळ सोडली होती, तिथे चार केल्या.