मदत हवी आहे: आई-बाबांसाठी मिनी पीसी, नवा एन१०० की जुना आय५ (दोन्ही इंटेलचे प्रोसेसर)?

वापर साधा: नेटबँकिंग, यूट्यूब, नातवंडांशी व्हिडिओ कॉल, थोडं मराठी टायपिंग. बजेट वेबकॅमसकट पंचवीस हजार. २२ इंची मॉनिटर आणि कीबोर्ड-माऊस घरात आहेत. लॅपटॉप सुचवू नका, बाबांना मोठा पडदाच लागतो.

दोन पर्याय उरलेत. इंटेल एन१००चा नवा मिनी पीसी: वीज कमी खातो, पण रॅम एकाच चॅनेलवर, म्हणजे मेमरीचा वेग कमी. दुसरा रिफर्बिश्ड (वापरलेला, तपासून-दुरुस्त करून विकलेला) लेनोवोचा मिनी पीसी, थिंकसेंटर टायनी, आय५-८५००टी. विंडोज ११ त्यावर अधिकृतपणे चालतं, हे तपासलंय. दुकानदार म्हणतो, "दोन्ही चांगले." झालं!

गावी लाइट वरचेवर जाते, दुरुस्तीवाला तालुक्याला. अशा ठिकाणी पाच वर्षं बिनघोर काय चालेल? आणि मॉनिटरसह ६०० व्हीएचा यूपीएस पुरेल का?