रुबिनस्टाइनची नॉक्टर्न्स: जुन्या संचातली चपळाई त्यांची, की तबकडीची? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

बाबांकडे पियानोवादक आर्थर रुबिनस्टाइननी वाजवलेल्या, संगीतकार शोपँच्या नॉक्टर्न्सच्या (रात्रीच्या शांत भावाच्या छोट्या पियानो-रचना) एलपी होत्या. रोममध्ये १९६५ आणि १९६७ साली ध्वनिमुद्रित झालेला, स्टिरिओतला संच. माझे कान त्यावरच तयार झाले. गेल्या महिन्यात रुबिनस्टाइनचाच १९३६-३७ चा लंडनमधला संच पहिल्यांदा नीट ऐकला आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

ओपस २७ (शोपँच्या रचनांचा प्रकाशन-क्रमांक) मधलं दुसरं, डी फ्लॅट मेजर या स्वरपट्टीतलं नॉक्टर्न घ्या. पहिल्या मापात नुसता डावा हात आहे, मग वरून सूर येतो. रोमच्या मुद्रणात तो सूर अगदी अलगद, जागच्या जागी उतरतो. सगळं शांत, कुठेही घाई नाही. जुन्यात डावा हात वाहतच असतो आणि उजवा जरा मागे रेंगाळतो, मग एकदम पुढे सरकून त्याला गाठतो. ख्याल ऐकणाऱ्यांना हे लगेच कळेल: ठेका चालू आहे आणि गाणारा समेला बरोबर येणार याची खात्री आहे. पुढे उजव्या हातात जोडस्वर सुरू होतात तिथे तर मी दर वेळी मागे नेऊन पुन्हा ऐकते. बाबांच्या एलपीवर इतकं प्रेम असूनही सध्या मन जुन्याकडेच ओढ घेतंय.

पण एक शंका छळते आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या जुन्या, मोठ्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावायची. मग ही चपळाई पन्नाशीतल्या रुबिनस्टाइनची, की बाजू संपायच्या आत पोचायची? शिवाय त्या तबकड्या सगळ्या नेमक्या ७८ च्याच गतीने कापलेल्या नसत. आज उतरवून घेताना गती थोडी जास्त धरली, तर लयही वाढते आणि पट्टीही चढते. माझ्याकडच्या दोन प्रतींत पट्टीचा बारीक फरक नक्की आहे. एकीत खरखर भरपूर आहे पण पियानोचा नाद जिवंत आहे, दुसरी स्वच्छ आहे पण सूर वाजल्यावर जी आस राहते ती पार पुसली गेलीय.

मधला १९४९-५० चा संच मी ऐकलेला नाही. ज्यांनी तिन्ही ऐकलेत त्यांनी कृपया सांगा, डी फ्लॅटची लय त्यात जुन्याच्या जवळ आहे की रोमच्या? आणि १९३६-३७ ची कुठली प्रत पट्टीला बरोबर आहे? खरखर असली तरी चालेल. ॲपवर बघायला गेलं तर पुनर्प्रकाशनाचं साल लावलेलं असतं, त्यामुळे तिथे मला काहीच ठरवता येत नाहीये.

रुबिनस्टाइनच्या मैफिलीतलं हे नॉक्टर्न कुणी ऐकलं असेल तर तेही कळवा. तिथे तबकडीची बाजू संपायची भीती नव्हती.